कौन्सिलातले टिळक

लोकमान्य टिळक मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद होते, हे सांगितले की आजही पुष्कळांना आश्चर्य वाटते. 'केसरी'चे संपादक आठवतात, मंडालेचा तुरुंग आठवतो, गणेशोत्सव तर दरवर्षीच आठवतो. पण १८९५ साली मध्य विभागातील लोकल बोर्डांतर्फे कौन्सिलात गेलेले आणि १८९७ मध्ये पुन्हा निवडून आलेले टिळक आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले आहेत. माझ्या मते त्यांच्या राजकारणाची रीत समजून घ्यायची असेल, तर हा काळ ओलांडून पुढे जाता येत नाही.

१८९२ च्या कायद्याने सभासदाला दिलेले अधिकार अगदीच तुटपुंजे होते. स्थानिक संस्थांनी नाव सुचवायचे आणि नेमणूक सरकारने करायची. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. प्रश्नाची सूचना आधी द्यायची, उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे; पूरक प्रश्नाला परवानगी नव्हती. अशा सभागृहात एका कडव्या संपादकाने जाऊन काय साधायचे, अशी शंका कोणालाही येईल. परंतु टिळकांच्या हाती दर मंगळवारचा 'केसरी' होता. सभागृहात जो पूरक प्रश्न विचारता येत नव्हता, तो छापील अंकातून विचारण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि तेथे ऐकणारा वर्ग कौन्सिलाच्या दालनापेक्षा कितीतरी मोठा होता.

१८९६ च्या दुष्काळात ही रीत सर्वांत स्पष्ट दिसते. टिळक कायद्याचे पदवीधर होते, पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्गही चालवला होता, आणि सरकारचा स्वतःचाच दुष्काळविषयक नियमसंग्रह त्यांनी सरकारपुढे धरला. आदल्या वर्षी त्यांच्या पक्षाच्या हाती आलेल्या पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेची माणसे गावोगाव फिरली आणि पीक बुडाल्यावर शेतसाऱ्याची तहकुबी किंवा सूट कोणत्या नियमाने मिळते, हे शेतकऱ्यांना समजावून सांगू लागली. त्यात दयेची याचना नव्हती. तुम्हीच केलेले नियम तुम्ही पाळा, एवढीच मागणी होती. सरकारला ती इतकी झोंबली की १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. मला हे टिळकांचे सर्वांत भक्कम काम वाटते. याउलट मुलीशी शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाला त्यांनी केलेला विरोध, परकीय सरकारने आमच्या घरात कायदा करू नये ही त्यांची भूमिका लक्षात घेऊनही, मला पटत नाही. त्या वादात कोवळ्या मुलींचे हित दुय्यम ठरले.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातही एक गफलत रूढ झाली आहे. प्लेगचा जुलूम, २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर झालेला हल्ला आणि ६ जुलैचा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख, ही साखळी आपण शाळेपासून ऐकतो, आणि शिक्षा त्या अग्रलेखाबद्दल झाली असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात आरोप १५ जूनच्या अंकावर होता: शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि कौन्सिलातील कारकीर्द तेथेच संपली.

तरीही कायदेमंडळावरचा त्यांचा विश्वास उडाला नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मंडालेची सहा वर्षे भोगून आलेल्या या माणसाने एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला आणि १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड राज्यकारभार सुधारणांखालील निवडणुका लढवण्याची तयारी चालवली. सुधारणा अपुऱ्या आहेत असे ते उघड म्हणत, पण अपुऱ्या म्हणून जागा मोकळ्या सोडाव्यात हे त्यांना मान्य नव्हते. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले. वर्षअखेरच्या निवडणुकांवर काँग्रेसने बहिष्कार घातला, आणि टिळकांचा कौन्सिलप्रवेशाचा आग्रह पुढे चालवण्याचे काम त्यांचे सहकारी न. चिं. केळकर यांच्याकडे आले. १९२३ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. तेही 'केसरी'चेच संपादक होते.