तारीख नेमकी खोक्यावरच का छापता?

आज डोकं इतकं फिरलंय ना, सकाळपासून मेकअपचा अख्खा ड्रॉवर जमिनीवर पालथा घालून बसलेय, एकेक डबी उजेडात धरून फिरवून बघतेय आणि बावीस वस्तूंपैकी फक्त सहांवर कधीपर्यंत वापरायचं ते वाचता येतंय. सहा! बाकी सोळांचं काय करू मी?

हे सगळं सुरू झालं डोळ्यामुळे. दोन आठवड्यांपूर्वी उजवा डोळा लाल झाला, सुजला, सकाळी चिकटून उघडेना, आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, मस्कारा कधी उघडला होतात? मला सांगताच आलं नाही. पाच महिने झाले असतील की वर्ष झालं असेल, खरंच माहीत नाही. आणि ते कळावं अशी कुठलीच सोय त्या ट्यूबवर नाहीये याचा मला राग आलाय.

तारीख असते हो, नाही असं नाही. पण कुठे असते तर बाहेरच्या खोक्यावर! ते खोकं वस्तू घरी आल्यावर दोन मिनिटांत कचऱ्यात जातं, कोण जपून ठेवतं ते? आत जी खरी वस्तू आहे, जी आपण वर्षभर तोंडाला लावणार, तिच्या बुडाला एक नखाएवढं स्टिकर, त्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि ती शाई बोटाला जरा तेल लागलं की पुसली जाते, म्हणजे मेकअपच्या वस्तूला तेलकट हात लागणारच ना, हे बनवणाऱ्यांना माहीत नाही का? स्वतःचं नाव मात्र सोनेरी अक्षरात असं कोरतात की डबी संपली तरी जात नाही.

मग ते उघड्या डबीचं चित्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही कित्येक वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, त्या डबीत ६ एम, १२ एम, २४ एम असं लिहिलेलं असतं ते म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. युरोपात हे चिन्ह २००५ पासून आलंय, जी वस्तू न उघडता ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकते तिच्यावर वापरायची शेवटची तारीख नसली तरी चालते पण हे चिन्ह लागतं. अमेरिकेत तर कॉस्मेटिक्सवर एक्स्पायरी डेट छापलीच पाहिजे असा कायदाच नाहीये. बरं, उघडल्यापासून १२ महिने हे ठीक आहे, पण उघडलं कधी ते मी कुठे लिहू? एक रेघभर मोकळी जागा द्या ना त्या लेबलवर! तेवढी जागा नाही म्हणे, आणि 'चोवीस तास टिकणारा' हे लिहायला बरोबर जागा सापडते.

आणि तो बॅच नंबर, चार आकडे दोन अक्षरं, त्यातून वस्तू बनवल्याचं वर्ष महिना काढायचा म्हणे. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. मी लिपस्टिक घेतलीय का कोडं सोडवायला बसलेय?

मस्काराचं तर मला आता वाचून वाचून अंगावर काटा येतोय. ब्रश पापणीला लागतो, परत ट्यूबमध्ये जातो, परत पापणीला, रोज, आणि ती ट्यूब म्हणजे ओली, बंद, अंधारी जागा, जंतूंना अजून काय हवं. आतलं प्रिझर्व्हेटिव्ह कायमचं पुरत नाही, म्हणून साधारण तीन महिन्यांत टाका असं सांगतात. स्युडोमोनाससारखा जंतू डोळ्यात गेला तर बुबुळावर जखम होऊ शकते, नजर जाऊ शकते. इतकी गंभीर गोष्ट आहे ही, आणि तरी कितीतरी व्हिडिओंत हसत हसत सांगतात की सुकलेल्या मस्कारात दोन थेंब पाणी टाका, नव्यासारखा होतो. अहो काय सांगताय तुम्ही लोकांना! पाणी घातलं की प्रिझर्व्हेटिव्ह अजून पातळ होतं आणि वर नवे जंतू आत जातात. लाखो लोक बघतात हे, मुली बघतात. थांबवा ते.

"वास घेऊन बघ, कळतं" हेही ऐकून कंटाळले. लिपस्टिकला जुन्या तेलासारखा वास आला, फाउंडेशनचं तेल वर येऊन हलवूनही मिसळेना, तर टाकायचंच, ते कळतंच. पण जंतूंना वास नसतो ना दर वेळी. माझ्या मस्काराला कसलाच वास नव्हता, रंग छान काळा होता, डोळा तरी गेलाच ना सुजून.

अजून एक, हे बोलल्याशिवाय राहवत नाही, बारा रंगांचं आयशॅडो पॅलेट आणि त्यावर १२ एम. कोण संपवतं बारा रंग बारा महिन्यांत? मी रोज लावते तरी दोनच रंगांचा तळ दिसतोय. पावडर कोरडी असते, तिच्यात जंतू तेवढे वाढत नाहीत, म्हणून पावडरीची मला एवढी भीती नाही. पण लिक्विड फाउंडेशन, क्रीम ब्लश, लिक्विड लायनर यांच्या बाटल्या अर्ध्या करा की! छोटी साइज मागितली तर मिळत नाही, मोठी घ्या, वापरून होत नाही, मग टाका नाहीतर डोळे सुजवून घ्या. वर टाकताना "अजून केवढं शिल्लक आहे, वाया का घालवतेस" हे घरचे ऐकवतात ते वेगळंच.

शेवटी त्या सोळांतल्या एका कन्सीलरची तारीख विचारायला कस्टमर केअरला फोन केला. वीस मिनिटं होल्डवर. मग बाई म्हणाल्या, मॅडम बॅच नंबर सांगा. मी म्हटलं तोच तर पुसला गेलाय. तर म्हणाल्या, मग खोक्यावर बघा ना.

फोन ठेवला आणि कन्सीलर टाकून दिला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता.