विद्यापीठाच्या टीव्ही केंद्राचा इतिहास कसा लिहावा: स्मरणिकाकारांसाठी सुलभ मार्गदर्शन

गेल्या महिन्यात एका पत्रकारिता विभागाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका हातात पडली. गुळगुळीत कागद, ओळीने शुभेच्छा संदेश, मग जाहिराती, आणि मधोमध अडीच पानांचा लेख: 'विद्यापीठीय दूरचित्रवाणी: उगम आणि विकास'. त्यात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९३३ मध्ये चालवलेल्या छोट्या टीव्ही केंद्राला चार ओळी दिल्या आहेत, आणि त्या चार ओळींत (फोटो धरून) सहा चुका आहेत. ओळीमागे दीड चूक पाडायला हात बसलेला असावा लागतो. हे कसब एका विभागापुरतंच राहू नये, म्हणून ते इथे सर्वांसाठी खुलं करत आहे.

सुरुवात 'जगातील पहिले' या शब्दांनी करा. कशातलं पहिलं, हे मात्र लिहू नका. लिहिलं की लोक तपासायला लागतात. मग निघतं की संशोधक चार्ल्स जेनकिन्स यांचं डब्ल्यू३एक्सके हे केंद्र वॉशिंग्टनच्या परिसरातून १९२८ पासून चित्रं पाठवत होतं, पर्ड्यू विद्यापीठाकडे डब्ल्यू९एक्सजी होतं आणि कॅन्ससच्या राज्य महाविद्यालयाकडे डब्ल्यू९एक्सएके. आयोवाच्या डब्ल्यू९एक्सकेचा मान वेगळा आहे. २५ जानेवारी १९३३ पासून १९३९ पर्यंत, नियमितपणे, चित्राला आवाजाची जोड देऊन त्यांनी शिकवण्याचे कार्यक्रम केले. दातांची निगा, झाडं ओळखणं, खगोलशास्त्र, लघुलेखन, असे जवळजवळ चारशे. हा दावा नेमका आहे आणि कुणी खोडू शकत नाही, म्हणून तो बिनकामाचा. कुलगुरूंच्या भाषणात घालायला 'जगातील पहिले'च बरं.

आयोवा राज्यात एकाहून जास्त विद्यापीठं आहेत, हे विसरा. आयोवा सिटीत एक (डब्ल्यू९एक्सके त्याचंच), एम्सला दुसरं. एम्सच्या डब्ल्यूओआय-टीव्हीची १९५० ही तारीख आयोवा सिटीच्या खात्यावर टाकली की 'सतरा वर्षांची अखंड परंपरा' आपोआप तयार होते. एम्सचं केंद्र पूर्ण शक्तीचं होतं, त्याचा परवाना व्यापारी होता आणि त्याचा डब्ल्यू९एक्सकेशी काडीचाही संबंध नव्हता. असल्या बारकाव्यांनी वाचकाचा रसभंग होतो.

परवाना एफसीसीने (अमेरिकेत प्रक्षेपणाचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने) दिला असं बिनधास्त लिहा. ती संस्था जन्माला १९३४ मध्ये का येईना.

नावातला ९ म्हणजे चॅनल नंबर ९, असंही लिहा. ही चूक जरा हुशारीची आहे, कारण तिला पुढच्या काळाचा आधार सापडतो. एफसीसीने १९८२ मध्ये 'लो पॉवर टीव्ही' नावाचा परवान्यांचा वेगळा वर्ग सुरू केला. त्यातल्या केंद्रांच्या नावात चॅनलचा आकडा खरोखरच असायचा. मिनेसोटातल्या बेमिजीचं के२६एसी म्हणजे चॅनल २६. पण १९३३ मध्ये टीव्हीला चॅनल नंबर नव्हतेच. डब्ल्यू९एक्सकेमधला ९ हा सरकारी रेडिओ विभागाचा क्रमांक आणि एक्स म्हणजे प्रायोगिक. तो एक्स मालकाला सांगत असे की बाबा रे, जाहिराती घ्यायच्या नाहीत आणि हा परवाना कायमचा समजायचा नाही. त्या एका अक्षरातून केंद्राचं अर्ध अर्थशास्त्र कळतं. तेव्हा ते छापताना गाळलेलंच चांगलं. आपल्या स्मरणिकेने गाळलं आहे.

छायाचित्राची निवड हा स्वतंत्र कलाप्रकार आहे. इंटरनेटवर 'जुना टीव्ही कॅमेरा' शोधा, पहिला येईल तो लावा. १९३३ च्या मजकुराशेजारी १९५० च्या दशकातला रंगीत कॅमेरा शोभून दिसतो. आयोवाच्या त्या स्टुडिओत आपण समजतो तसा कॅमेराच नव्हता, हे वाचकाला कळता कामा नये. वक्ता अंधारात बसायचा. समोरच्या प्रखर दिव्यापुढे भोकं पाडलेली तबकडी फिरायची आणि त्या भोकांतून आलेला प्रकाशाचा एकच ठिपका त्याच्या चेहऱ्यावरून रेघारेघांनी धावायचा. परत आलेला उजेड बाजूला मांडलेले फोटोसेल टिपायचे. म्हणजे सावली कुठे पडेल हे दिवा ठरवत नसे, फोटोसेल कुठे ठेवले आहेत ते ठरवे. एरवी जिथे दिवे लावले असते तिथे हे सेल लावायचे. ते तांबड्या रंगाला किती दाद देतात यावर वक्त्याचे ओठ काळे दिसणार की गायब होणार हे ठरायचं.

एका चित्रात ४५ रेघा, सेकंदाला १५ चित्रं. पाहणाऱ्याकडेही तशीच तबकडी, मिनिटाला ९०० फेरे, मागे निऑनचा दिवा. चित्र इंच-दीड इंचाचं, नारिंगी, भिंग लावून बघायचं. दोन्हीकडच्या तबकड्या एका तालात फिरल्या तरच चेहरा जागेवर राहतो. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे दोन्हीकडे एकाच वीजजाळ्यावरची सिंक्रोनस मोटर. ६० सायकलच्या विजेवर आठ ध्रुवांची मोटर बरोबर ९०० फेरे घेते. गावाची वीज दुसऱ्या पॉवरहाउसची असली की चित्र सरकत सरकत बाहेर जायचं. मग वेग कमी-जास्त करायचा, नाहीतर तबकडीच्या कडेला अंगठा टेकून तिला आवरायचं. अशा तपशिलाने वाचक लेखात अडकून पडतो आणि जाहिरातींपर्यंत पोचत नाही. टाळा.

आवाजाविषयी काहीच लिहू नका. लिहिलं तर सांगावं लागेल की आवाज विद्यापीठाच्याच डब्ल्यूएसयूआय या रेडिओ केंद्रावरून जायचा, चित्र २००० ते २१०० किलोसायकलच्या (आजच्या भाषेत किलोहर्ट्झच्या) पट्ट्यात, आणि घरी दोन रिसीव्हर लागायचे. तसं का, हेही मग आलंच. ४५ रेघा, प्रत्येक रेघेत साधारण तितकेच ठिपके, सेकंदाला १५ वेळा: गुणाकार करून निम्मा करा, १५ किलोसायकल होतात. वाहक लहरीच्या दोन्ही अंगांना धरून ३०. साध्या रेडिओ केंद्राला दोन्ही बाजू मिळून १० मिळायचे. बसणार कुठे?

आता वॅट. हा विषय आला की स्मरणिकाकाराची प्रतिभा बहरते. 'केंद्राची क्षमता १०० वॅट असल्याने ते १५ किलोमीटरपर्यंतच दिसे.' वाक्य बघा, किती शास्त्रीय! 'असल्याने' या शब्दावर तर जीव ओवाळून टाकावा. हा आकडा उचललेला आहे दूरदर्शनच्या १०० वॅटच्या लघुशक्ती प्रक्षेपकांचा, जे १९८० च्या दशकात गावोगाव बसले. ते व्हीएचएफ किंवा यूएचएफ या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यांवर चालायचे आणि त्यांची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. ३० मीटरच्या मनोऱ्याला साडेबावीस, १०० मीटरला एकेचाळीस. त्या मर्यादेच्या आतही डोंगर, इमारती आणि घरावरचा अँटेना मिळून प्रत्यक्ष पल्ला दहा-पंधरावर आणतात. डब्ल्यू९एक्सकेची लहर दीडशे मीटर लांबीची. ती दिवसा जमिनीलगत जाते आणि रात्री आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून शेकडो मैल पलीकडे उतरू शकते. तेच १०० वॅट. फक्त रात्री एकच चित्र दोन वाटांनी येतं. ४५ रेघांच्या पद्धतीत एक रेघ दीड मिलिसेकंदात संपते, त्यामुळे दुसरी वाट अर्धा मिलिसेकंद उशिरा आली तरी चेहऱ्याची प्रत एक तृतीयांश रुंदी बाजूला छापली जाते. लांबच्या प्रेक्षकाला एका प्राध्यापकाचे दोन दिसायचे, ते यामुळे.

शिवाय कुठला वॅट? यंत्राच्या तोंडाशी मोजलेला की अँटेनातून निघालेला? १०० वॅटचं यंत्र, केबलमध्ये ३ डेसिबल गेले की ५० उरले. अँटेनाने ६ डेसिबल लाभ दिला की परिणामी शक्ती २०० झाली. यंत्र तेच. अमेरिकेत आज डिजिटल लो पॉवर केंद्राला यूएचएफवर १५ किलोवॉट परिणामी शक्ती चालते, आणि नाव तरी 'लो पॉवर'च. कारण तो वर्ग नुसत्या वॅटवर उभा नाही. त्याचं खरं लक्षण दुय्यमपणा: पूर्ण शक्तीच्या केंद्राला जागा हवी झाली की याने उठायचं, आणि त्याने अडथळा केला तर निमूट सोसायचं. २०१६-१७ च्या अमेरिकेतल्या स्पेक्ट्रम-लिलावात चॅनल ३८ ते ५१ टीव्हीकडून गेले तेव्हा छोट्या केंद्रांना नवी जागा शोधत फिरावं लागलं. 'क्षमता कमी' असं लिहिलं की हे सगळं झाकलं जातं. म्हणून तसंच लिहा.

नावं कमीत कमी द्या. 'विद्यापीठाने सुरू केले', बस. एडविन कर्ट्झ नावाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा विभागप्रमुख होता आणि त्याने हे घडवून आणलं, असं लिहिलं तर उगाच तुमच्याही विभागातल्या तंत्रज्ञाचं नाव कुणी विचारायचं.

मग एका परिच्छेदात भारतात उतरा. १९५९ मध्ये दिल्लीचं ५०० वॅटचं केंद्र, १९८४ मध्ये युजीसीची 'कंट्रीवाइड क्लासरूम', आणि लगेच 'आज आपल्या विभागाचा यूट्यूब चॅनल'. पुण्यासारख्या विद्यापीठांतल्या माध्यम केंद्रांकडे स्टुडिओ होते, पण प्रक्षेपक नव्हता. कार्यक्रम तयार करून टेप दिल्लीला जायच्या आणि दूरदर्शनवरून दिसायच्या. हा फरक पुसून टाका. खेड्यांसाठी स्थानिक टीव्ही म्हणून भारतातलं सर्वांत जवळचं उदाहरण गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पिजला होतं, १ किलोवॉटचं, १९७५ पासूनचं. ते विद्यापीठाने नव्हे, इस्रोने उभारलं होतं, म्हणजे गाळायला निमित्तही तयार आहे.

शेवटची आणि मुख्य सूचना: मूळ कागद जवळ ठेवू नका. तबकडीच्या टीव्हीचे कार्यक्रम थेट जायचे, ध्वनिचित्रमुद्रण नव्हतंच. उरतं काय, तर लॉगबुक, जोडणीचे आराखडे, प्रेक्षकांची पत्रं, परवान्याचे कागद. कर्ट्झ यांनी ते सांभाळले आणि १९५९ मध्ये स्वतः पुस्तक करून ठेवलं, म्हणून आज आपण दातांच्या निगेपर्यंत बोलू शकतो. तुम्ही असला धोका पत्करू नका. नॅक, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी समिती, येणार असं कळलं की आधी स्टोअररूम उघडायची. डेड स्टॉक रजिस्टर काढायचं. यू-मॅटिक या जुन्या व्हिडिओ कॅसेटचे प्लेअर 'कालबाह्य', टेप 'निरुपयोगी', लॉगबुक 'रद्दी'. निर्लेखन समितीच्या तीन सह्या, भंगारवाल्याचं कोटेशन, वजनकाटा. मग रिकाम्या खोलीला रंग आणि दारावर 'मीडिया हेरिटेज कॉर्नर' अशी पाटी. या स्मरणिकेत विभागाचा स्टुडिओ सुरू झाल्याची तारीख नाही, महिनाही नाही, नुसतं 'नव्वदच्या दशकात'. विचारलं तर उत्तर आलं, रजिस्टर मागच्या नॅकच्या वेळी गेलं. सांगणाऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. टेपही गेल्या. किती होत्या? मोजल्या नव्हत्या, वजन केलं होतं.

वजन केलं होतं! इतिहास विषयाला पंचवीस वर्षं मार्क देता ना तुम्ही? पहिल्या वर्षाच्या पोराने तारखेखाली आधार दिला नाही तर अर्धा मार्क कापता. आणि स्वतःच्या स्टुडिओची पहिली टेप किलोवर विकता. वर लेखात दुसऱ्या देशातल्या केंद्राला चार ओळी द्यायच्या आणि त्याही न तपासता. तपासणं अवघड नव्हतं. एक्सचा अर्थ कुठल्याही हौशी रेडिओवाल्याने फोनवर सांगितला असता. एफसीसी कधी स्थापन झाली हे तुमच्याच दुसऱ्या सत्राच्या अभ्यासक्रमात आहे, तुम्हीच शिकवता. कॅमेऱ्याच्या चित्राखाली साल बघायला किती वेळ लागतो? उगम आणि विकास म्हणे!

आणि ज्यांच्या खोलीला अजून रंग लागलेला नाही त्यांनी हे आजच करा. यू-मॅटिकची टेप सरळ प्लेअरमध्ये घालू नका. दमट हवेत टेपवरचा बाइंडर (चुंबकी थर धरून ठेवणारा पदार्थ) पाणी पितो, चिकट होतो, हेडवर थर जमतो आणि टेप किंचाळत थांबते. ओढलीत तर ऑक्साइडसकट चित्र सुटून येईल. अशी टेप पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसला, पंखा आणि खरं तापमान दाखवणारा मापक असलेल्या पेटीत, काही तास कोरडी करून घ्यावी लागते. घरच्या ओव्हनमध्ये नाही. गार झाली की पुढच्या काही आठवड्यांत तिची प्रत काढायची, नंतर ती पुन्हा ओलावा धरते. त्याआधी प्लेअरचा पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून ओढणारं रबरी चाक, बघा. रबराचं डांबर झालं असेल तर आधी तो बदला. आणि प्लेअर भंगारात काढू नका, कारण टेप वाचल्या तरी त्या लावायच्या कशावर? हे जमणार नसेल तर निदान यादी करा: डबीवरचं शीर्षक, तारीख, लांबी, टेपचा प्रकार, बुरशी आहे की नाही, कपाट कुठलं, किल्ली कुणाकडे. दोनशे टेपांची यादी चार पानांत बसते. संदेशांना याहून जास्त पानं दिली आहेत तुम्ही.