फुकटात फाइव्ह स्टार, म्हणे!

हा मेसेज मला पंधरा दिवसांत तिघांकडून आला. शेवटी पुण्याच्या आत्यानेही पाठवला आणि खाली विचारलं, "डिसेंबरात इंदूरला लग्नाला येईन तेव्हा असंच करू या का रे?" मेसेज थोडक्यात असा: इंदूरच्या फाइव्ह स्टार हॉटेलात एक पैसा न देता राहा. हॉटेलचं क्रेडिट कार्ड घ्या, किराणा-वीजबिल सगळं त्यावर भरा, पॉइंट्स साठवत राहा, हवे तेव्हा वापरा. पॉइंट्सवाल्याला नाश्त्यासकट सगळं फुकट द्यावं लागतं, म्हणून हॉटेलवाले हे सांगत नाहीत.

"एक पैसा न देता." विजयनगरातलं मॅरियट धरू. त्यांच्या बहुतेक हॉटेलांत साध्या सभासदाला एका डॉलरच्या खर्चावर 10 पॉइंट्स मिळतात. एका रात्रीला 15,000 पॉइंट्स लागतात असं धरलं, तर आधी 1,500 डॉलर हॉटेलांत घालवावे लागतील. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी सव्वा लाखाच्या वर जातं. याला फुकट म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

"किराणा कार्डावर भरा." इथे तर हिशेब आणखी कोसळतो. मॅरियटचं एचडीएफसी कार्ड 2023 साली निघालं तेव्हा इतर खर्चावर दर 150 रुपयांना 2 पॉइंट्स होते. म्हणजे 15,000 पॉइंट्सना सव्वाअकरा लाखांची खरेदी. महिन्याला तीस हजार कार्डावर टाकणाऱ्या घराला तीन वर्षांहून जास्त लागतील, एका रात्रीसाठी! गंमत अशी की याच कार्डातली खरी फायद्याची गोष्ट मेसेजवाल्याला दिसलेलीच नाही. वार्षिक फी 3,000 रुपये, जीएसटी धरून 3,540, आणि त्यावर 15,000 पॉइंट्सपर्यंतची एक रात्र. तेवढी रात्र वर्षात नेमाने वापरणाऱ्याला सौदा चांगला आहे, हे मी मान्य करतो. पण त्याचा किराण्याशी काही संबंध नाही.

"साठवत राहा, हवे तेव्हा वापरा." पॉइंट्स म्हणजे तिजोरीतलं सोनं नव्हे. मॅरियटमध्ये पूर्वी हॉटेलच्या श्रेणीप्रमाणे पॉइंट्सचा तक्ता असायचा. 2022 पासून तो गेला, आता भाव तारखेप्रमाणे हलतो. आणि खात्यात 24 महिने काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट्स उडतात. टाटांचे पॉइंट्स, म्हणजे न्यूकॉइन, त्यामानाने सरळ, एक कॉइन म्हणजे एक रुपया. टाटांच्याच ग्वाल्हेरच्या ताज उषा किरण पॅलेस हॉटेलालाही तोच हिशेब. तिथे जादू नाही, म्हणून फसगतही नाही.

लग्नाच्या मुहूर्ताला तर विचारूच नका. खोलीचा रोख भाव चढतो तसे पॉइंट्सही चढतात, आणि पॉइंट्सवर मिळणाऱ्या साध्या खोल्या वऱ्हाडाने आधीच अडवलेल्या असतात. म्हणून मी पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. समजा खोली 10,000 ची. 7,500 च्या वरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800. त्याच रात्रीला 15,000 पॉइंट्स मागत असतील तर एक पॉइंट 79 पैशांना गेला, पॉइंट्सवर घ्यावी. साठ पैशांच्या खाली आला की मी रोख देतो.

"नाश्त्यासकट." नाश्ता पॉइंट्सवर नव्हे, सभासदाच्या पायरीवर ठरतो. मॅरियटमध्ये प्लॅटिनम लागतं आणि त्यासाठी वर्षाला 50 रात्री. मी स्वतः एका हॉटेलात (नाव नको) पॉइंट्सवर राहिलो. काउंटरवर ठेव म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवली, ती सुटायला आठवडा गेला. निघताना बिलात खोली शून्य आणि खाली दोघांचा बुफे, अडीच हजारांच्या आसपास. आम्ही खाल्लं काय? पोहे आणि जिलबी. छप्पन दुकानला, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, रिक्षाने गेलो असतो तर येण्याजाण्याच्या भाड्यासकट तीनशेत भागलं असतं, आणि शेव वरून हवी तेवढी.

"हॉटेलवाले सांगत नाहीत." अहो, चेक-इनच्या वेळी फॉर्मबरोबर सभासदत्व तेच गळ्यात मारतात! पॉइंट्सवरच्या रात्रीचे पैसे कंपनी त्या हॉटेलला देते. बँका हे पॉइंट्स कंपनीकडून विकत घेतात, आणि तुम्ही कार्ड घासता तेव्हा दुकानदाराकडून कमिशन कापलं जातं. म्हणजे पैसे कोणीतरी भरतंच.

आत्याला कळवलंय, लग्नाच्या रात्रीचा भाव एका पॉइंटला सत्तेचाळीस पैसे पडतोय, रविवारची रात्र चालेल का बघ. तिचं उत्तर आलं, "राहू दे. तुझ्या रामबागेतल्या घरून सराफ्याची खाऊगल्ली चालत जवळ आहे ना?"