मुलांच्या डब्याला हात लावायचा नाही

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा शेजारी बसून भाजी निवडताना दिसले, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलीच जुंपली होती. 'आता पुरुषांना भाज्या निवडायला बसवणार' म्हणणारे काका एकीकडे, नव्या सुना आणि भाच्या दुसरीकडे. पुढे त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीचे आकडे आले. घरकामाला हात लावणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे 97. ते वाचल्यावर काका काही दिवस गप्प होते. वाद मात्र संपला नाही. कुठे तरी एखादी जाहिरात येते, एखादं लग्न मोडतं आणि तोच विषय पुन्हा निघतो.

टोकियोच्या निशी-कासाईत बसून मी हे सगळं वाचतो. आकडे खरे आहेत आणि माझं मत भाच्यांच्या बाजूने आहे. तरी एक खटकतं. दोन्ही बाजूंना स्वयंपाक म्हणजे शिक्षाच वाटते, ती कुणी किती भोगायची एवढंच भांडण. पोरांना चुलीपाशी लुडबुडायला किती आवडतं, आणि त्यांना शिकवताना आपल्याला किती मजा येते, हा मुद्दा कुणी काढतच नाही.

इथे प्राथमिक शाळेत गृहविज्ञान हा विषय 1947 पासून मुलगे आणि मुली दोघांना आहे. पाचवीत वर्षाला 60 तास, सहावीत 55. त्यात शिवणकाम येतं, घर आवरणं येतं आणि स्वयंपाकही. चहा करण्यापासून सुरुवात, मग भाज्या उकडणं, मग भात आणि मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सार. भात बऱ्याचदा काचेच्या पातेल्यात लावतात. माझ्या लेकीने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला त्या शिक्षणखात्याचा हेवा वाटला. काचेतून तांदूळ फुगताना दिसतो, दाणे वरखाली नाचतात, पाणी आटलं की भाताला बारीक छिद्रं पडतात. त्यांना इथे खेकड्याची बिळं म्हणतात. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजून भात शिकवतात, आत काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नसतं. सुरी धरताना दुसऱ्या हाताची बोटं आत वळवायची, त्याला मांजराचा पंजा म्हणायचं. एवढ्या एका सूचनेवर दहा वर्षांची पोरं धारदार सुरीने काकडी चिरतात. आमच्या आईने विळी कायम आडवी करून भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि 'लांब हो' याच्या पलीकडे तिच्याबद्दल कुणी काही शिकवलं नाही.

शनिवारी सकाळी आमच्याकडे शेजारची मराठी पोरं जमतात. थालीपीठ हा शिकवायला सगळ्यात गुणी पदार्थ. गोल झालं नाही तरी कुणी नावं ठेवत नाही, कडा फाटल्या तरी खपतात, आणि मधे बोटाने भोक पाडायची नुसती परवानगी नाही, ते पाडावंच लागतं. भाजणी सांगलीहून येते. कांदा चिरताना कुणाच्या डोळ्यांतून जास्त पाणी येतं याची शर्यत लागते. धाकटा कोथिंबीर कात्रीने कापतो. व्हिडिओ कॉलवर ते बघून आई म्हणाली, "अरे, कात्रीने? शिंप्याचं पोर आहे का ते?" इथल्या गॅसच्या शेगडीत सेन्सर असतो, कोरडा तवा तापला की ती आच आपोआप कमी करते, त्यामुळे भाकरीचा विषय मी सध्या काढत नाही. थालीपीठ मात्र झाकण ठेवून मंद आचेवर निमूट होतं. पहिलं तव्याला चिकटतंच. ते कुणी खायचं यावर भांडण होतं, कारण सगळ्यांना तेच हवं असतं.

या सगळ्यात अवघड काम माझं: हात न लावणं. पीठ सैल होतंय हे दिसत असतं, आणखी पाणी घालू नको म्हणावंसं वाटतं, तरी तोंड मिटून उभं राहायचं. ज्याने ही गोष्ट नियम करून टाकली तो कागावा प्रांतातल्या ताकिनोमिया शाळेचा मुख्याध्यापक, ताकेशिता काझुओ. 2001 साली त्याने पाचवी-सहावीसाठी 'डब्याचा दिवस' सुरू केला. काय करायचं ते मुलांनी ठरवायचं, बाजारहाट मुलांनी करायचा, रांधायचं मुलांनी, डब्यात भरायचं मुलांनी, भांडी घासायची तीही मुलांनीच. पालकांना अट एकच, मदत करायची नाही. कल्पना पुढे देशभरातल्या शाळांमध्ये पसरली.

म्हणून जपानचे गोडवे गाऊ का? नाही. इथल्या 2021 च्या पाहणीत सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बाप घरकाम आणि मुलांचं मिळून दिवसाला 1 तास 54 मिनिटं करतो, आई 7 तास 28 मिनिटं. यातले बहुतेक बाप पाचवीत मिसो सूप शिकलेले आहेत. नोकरी रात्री नऊला सोडत असेल तर शिकलेलं सूप कुणासाठी करणार? शाळेने शिकवलं की घरात समता येते, असं सांगणाऱ्या भाच्यांनाही मी हेच आकडे पाठवले. उत्तर आलं नाही.

माझी वहिनी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला हा सगळा उत्साह सांगितला तर म्हणाली, "भाऊजी, निवडणूक आमच्याकडे, सर्वेक्षणं आमच्याकडे, आता पोरांच्या हातात सुऱ्या देऊन त्यांची बोटंही आम्हीच सांभाळायची का?" तिचं खोटं नाही. पोषण आहारात अंडं द्यायचं ठरलं 2023 च्या नोव्हेंबरात, त्याचा निधी थांबला 2025 च्या जानेवारीत, आणि मधल्या काळात दोन्ही बाजूंच्या पालकांना तोंड दिलं शिक्षकांनी.

पण तिच्याच शाळेत परसबाग आहे. मेथी पोरं लावतात, पाणी घालतात, खुडतात, आणि स्वयंपाकघराच्या दारात नेऊन मावशींच्या हातात देतात. तिथून पुढे पोरांना आत वाव नाही. आणि दर हिवाळ्यात बाल आनंद मेळावा भरतो. पोरं भेळ, शेंगदाण्याचे लाडू, वड्या, अप्पे विकायला बसतात, सुट्टे पैसे मोजतात, फोटो निघतात, 'व्यवहारज्ञान' असा मथळा पडतो. माल सगळा आयांनी पहाटे उठून केलेला. मेळाव्यात आई राबते आणि पोरगं गल्ल्यावर बसतं. ज्या व्यवहाराबद्दल आमच्या ग्रुपवर एवढं भांडण होतं, तो आपण पोरांना मेळावा भरवून शिकवतो.

हे मी वहिनीला बोललो तेव्हा ती आधी चिडली. यंदा मात्र तिने पाचवीच्या वर्गापुरती अट घातली आहे: मेळाव्यात तेच ठेवायचं जे स्वतः केलंय. भेळ चालेल, कोशिंबीर चालेल, ताक चालेल, चुलीपाशी मोठं माणूस नुसतं उभं राहील. पालकसभेत पहिला प्रश्न एका वडिलांनी विचारला, "आणि कुणी घेतलंच नाही तर?"

वहिनी म्हणाली, "मग तुम्ही घ्यायचं."