खुलासा: एकॉर्न बार्नॅकल गोगलगायीच्या कुळातले नव्हेत

समुद्रकाठच्या खडकांवरच्या पांढऱ्या, खरबरीत सुळक्यांचा फोटो सध्या फिरतोय. सोबत मजकूर: ‘हे एकॉर्न बार्नॅकल. ओकची फळं खाणाऱ्या गोगलगायींचे रिकामे शंख.’

यातलं नाव तेवढं खरं, बाकी एकही विधान खरं नाही. एकॉर्न म्हणजे ओकचं फळ हे बरोबर, पण नाव पडलं ते आकारावरून. यांच्यातल्या एका प्रजातीचं बॅलॅनस हे नावही त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. खडकाला जन्मभर चिकटलेला प्राणी ओकखाली जाणार कधी?

हे खेकडा-कोळंबीच्या गोतातले. कवच पाहून भलेभले फसले. क्युव्हिएसारख्या शास्त्रज्ञानेही त्यांना मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांच्या गटात घातलं होतं. १८३०मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन वॉन थॉम्पसन यांनी यांच्या पोहणाऱ्या अळ्यांचं रूपांतर उजेडात आणलं, तेव्हा खरं नातं कळलं. अळी जागा हेरते, डोक्याकडून चिकटते आणि भोवती चुनखडीच्या पट्ट्यांची भिंत उभारते. पाणी चढलं की माथ्यावरची झडप उघडते आणि पिसांसारखे पाय झपाझप बाहेर येऊन अन्नाचे कण आत ओढतात. होय, पायांनीच!

आणि ‘रिकामे शंख’? ओहोटीत ओलावा टिकवायला झडपा घट्ट मिटलेल्या असतात, इतकंच.