जाड काच आणि उकळता चहा : एक खुलासा

‘काचेचा ग्लास जितका जाड, तितका तो उकळत्या चहाला टिकतो’ असा सल्ला सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे, किंबहुना वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. काच उष्णतेने नव्हे, तर तापमानातील फरकाने तडकते. चहा ओतताच आतला थर तापून प्रसरण पावतो, परंतु काच उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे बाहेरचा थर थंडच राहतो आणि ताणला जातो. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही, आणि पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक ओरखड्यापासून तडा सुरू होतो. जाड काचेत हा फरक अधिक वेळ आणि अधिक तीव्र राहतो. प्रयोगशाळेतील चंचुपात्रे पातळ असतात, ती उगाच नव्हे.

अर्थात, काचेचा प्रकारही महत्त्वाचा आहे. 100 अंश सेल्सिअसने तापवल्यास साध्या सोडा-लाइम काचेची एक मीटर लांबीची कांडी सुमारे 0.9 मिलिमीटरने वाढते, तर बोरोसिलिकेटची, म्हणजे प्रयोगशाळेतील भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या उष्णता सोसणाऱ्या काचेची, सुमारे 0.33 मिलिमीटरनेच. ग्लासात आधी धातूचा चमचा ठेवण्याची जुनी रीत मात्र अगदीच निराधार नाही, कारण चमचा थोडी उष्णता शोषून घेतो. पण त्यावर विसंबण्यापेक्षा ग्लास आधी कोमट पाण्याने विसळलेला बरा.