‘मे महिन्यात वर्षाचं भरा, घरखर्च निम्मा करा’: हा हिशेब जुळत नाही

मार्च संपत आला की कोल्हापुरातल्या घराघरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर हाच: “मे महिन्यात वर्षाचं सगळं सामान एकदम भरा. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी-कडधान्यं, तेलाचे डबे, साबण. वर्षाची कांदा-लसूण चटणी घरी करा, निम्म्यात पडते. पोत्याचा भाव कमी पडतो, घरखर्च निम्म्यावर येतो. धान्यात सल्फासची गोळी टाका, वर्षभर किडा लागत नाही. पैसे नसले तर हप्त्यावर घ्या, तरीही फायदाच.”

बेगमी करणं मुळीच चुकीचं नाही. पण हा मेसेज निम्माच बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यात पैसे जातात. एका ठिकाणी तर जीवही जाऊ शकतो.

“घरखर्च निम्म्यावर येतो.” येऊच शकत नाही. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी घरांचा अन्नावरचा वाटा सुमारे 39 टक्के निघाला आणि त्यातही तृणधान्यांचा चार टक्क्यांच्या आत. हातावर पोट असलेल्या घरात हा वाटा जास्त असणार, तरी सगळं धान्य फुकट मिळालं म्हणून खर्च निम्मा होत नाही. घरभाडं, दूध, भाजी, गॅस, मुलांच्या फिया, औषधं यांची बेगमी करता येत नाही, आणि जास्त पैसा तिकडेच जातो.

शिवाय मेसेज लिहिणारा रेशन विसरला. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण 10 किलो ज्वारी, 8 किलो गहू, 8 किलो तांदूळ लागतात. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी 5 किलो, म्हणजे 20 किलो धान्य महिन्याला मोफत मिळतं, अंत्योदय कार्डावर घरटी 35 किलो. म्हणजे अशा घराला गव्हा-तांदळाची वर्षाची खरेदी जवळजवळ लागतच नाही, उरते ती ज्वारी. ई-केवायसी अडकल्यामुळे धान्य बंद झालं असेल तर पोती बघायला जाण्याआधी रेशन दुकानात जाऊन अंगठा लावून या. त्या एका फेरीची किंमत वर्षाच्या सगळ्या घासाघिशीपेक्षा जास्त आहे.

“मे महिन्यात भरा.” हेही उशिराचं. प्रत्येक जिन्नसाचा आपला महिना असतो. नवा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत उतरतो, तूर जानेवारीपासून, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. मिरची, हळद, लसूण आणि चिंच यांचाही जोर फेब्रुवारी ते एप्रिल. मे उजाडेपर्यंत आवकेचा भर ओसरलेला असतो आणि लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात जो-तो एकाच वेळी पोतं उचलायला उभा असतो. मे महिना ठरला तो सुट्टी आणि ऊन यांमुळे. वाळवणाला तो उत्तम, खरेदीला नव्हे.

“पोत्याचा भाव कमी पडतो.” पडतो, पण किती ते कागदावर मांडून बघा. खालचे भाव उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या दुकानातले घाला. वर्षाची ज्वारी 120 किलो. पोत्यानं 42 रुपये किलो, तीच वर्षभर सुटी घेतली तर सरासरी 47. वाचले 600. हमाली आणि रिक्षा 150, राहिले 450, म्हणजे घातलेल्या 5,040 रुपयांवर नऊ टक्के. आता शंभरातलं पाच किलो किड्यानं खाल्लं तर 252 गेले, हातात दोनशे. दहा टक्के खराब झालं तर 504 गेले आणि 54 रुपये पदरचे पडले. बेगमीची सगळी कमाई या एका ओळीत आहे: धान्य टिकलं तर.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टींत गफलत होते. पोत्याचं वजन बारदानासकट धरलं की अर्धा-पाऊण किलो तिथंच जातो. आणि स्वस्त म्हणून न चाळलेला माल घेतला तर क्विंटलमागे खडे-काड्या-फोलपट किती निघतं, ते एक किलो पाखडून आधी बघावं.

“सल्फासची गोळी टाका.” हे कुणी पुढं पाठवलं असेल तर त्याच ग्रुपवर लगेच खोडून काढा. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाशी तिचा संबंध आला की फॉस्फिन वायू सुटतो. तो गोदामासाठी आहे, जिथं माणूस झोपत नाही आणि प्रशिक्षित माणसं ताडपत्रीखाली धुरी देतात. दोन खोल्यांच्या घरात, कोठीला लागूनच अंथरूण असताना, हा वायू झाकणाच्या फटीतून रात्रभर खोलीत येत राहतो. आधी उलट्या, डोकेदुखी, छातीत दाटणं. घरच्यांना वाटतं जेवण बाधलं. या विषाला उतारा नाही. सर्वसामान्य माणसाला ही गोळी विकायला बंदी आहे. कुणी सुटी दिली तर तो उपकार करत नाहीये.

पाऱ्याच्या टिकड्यांचंही तेच, अन्नात पारा नको. बोरिक पावडर अनेक घरांत तांदळाला चोळतात. तांदूळ तीन-चार पाण्यानं धुतला जातो, त्यात ती बरीचशी निघून जाते. गहू-ज्वारी मात्र आपण धुऊन दळत नाही, पावडर थेट पिठात जाते. तिथं ती अजिबात नको.

मग किडा थांबवायचा कसा? मुळात तो येतो कुठून हे बघा. बहुतेक वेळा अंडी दुकानातूनच दाण्याबरोबर येतात आणि उबेत, दमटपणात साधारण महिन्याभरात एक पिढी तयार होते. जूनमध्ये दोन-चार दिसलेले टोके ऑगस्टपर्यंत पोतं पोखरतात ते यामुळे. दाण्यात पाणी 10 ते 12 टक्क्यांच्या आत असेल तर त्यांची वाढ मंदावते. घरात मोजायचं यंत्र नसतं, दात असतात: दाणा चावल्यावर कट्ट आवाज होऊन तुटला तर वाळला, दबला तर ओला.

गहू-ज्वारीला दोन-तीन कडक उन्हं द्या, थर दोन बोटांपेक्षा जाड नको. संध्याकाळी गरम धान्य तसंच कोठीत ओतणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. रात्री पत्रा गार होतो, आतली वाफ झाकणाखाली घाम धरते आणि वरचा थर बुरशी पकडतो. चादरीवर सावलीत पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. तांदळाला कडक ऊन देऊ नये, दाणा तडकतो आणि कणी होते.

कोठी काठोकाठ भरा. जितकी हवा कमी तितकं बरं. शंभर किलो गव्हाला साधारण 130 लिटर जागा लागते, त्या हिशेबानं कोठ्या निवडा. रोजच्या वापरासाठी 15-20 किलोचा डबा वेगळा ठेवा. मोठी कोठी रोज उघडली की रोज दमट हवा आत जाते. पेठांतल्या जुन्या घरांच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून कोठी भिंतीपासून वीतभर लांब आणि फळीवर. कडुनिंबाचा पाला घालायचाच तर खडखडीत वाळलेला. ओला पाला घालणं म्हणजे आपल्या हातानं पाणी घालणं.

सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नदीकाठची आंबेवाडी, चिखली अशा पूरपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी वेगळा नियम. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि तळमजल्यावरच्या भरलेल्या कोठ्या अशा वेळी उचलणं सोपं नसतं. अशा घरात जून ते सप्टेंबरपुरतंच धान्य ठेवावं, तेही दोन माणसांना उचलता येईल अशा डब्यांत. दिवाळीनंतर पुन्हा घ्यावं.

“डाळी-कडधान्यं वर्षाची.” इथं दोघांना एकाच मापानं मोजलंय. मूग, मटकी, चवळी, हरभरा या अख्ख्या कडधान्यांत भुंग्याची अंडी शेतातूनच येऊ शकतात. फुटलेल्या डाळीत हा भुंगा फारसा तग धरत नाही. म्हणून तूरडाळ वर्षाची घ्या, अख्खी कडधान्यं दोन-तीन महिन्यांचीच. तूरडाळीला किलोमागे चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली एरंडेल हातानं सारखं चोळून एक ऊन द्यायचं. तेल जास्त झालं की डाळ चिकट होते आणि शिजताना फेस धरते. फ्रीज असेल तर कडधान्याची पिशवी आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग डब्यात भरा, अंडी मरतात. शेंगदाणे मात्र कधीच वर्षाचे नकोत. दमटपणात बुरशी धरली तर तिचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

“चटणी घरी करा, निम्म्यात पडते.” निम्म्यात नाही, पण फायदा खरा आहे. एक किलो मिरचीचं माप असं: ब्याडगी अर्धा किलो रंगाला, संकेश्वरी पाव किलो चवीला, लवंगी पाव किलो तिखटाला. कांदा अर्धा किलो, लसूण, सुकं खोबरं आणि धणे प्रत्येकी पाव किलो, तीळ 100 ग्रॅम, खसखस 50, मीठ 200, तेल साधारण 200 मिली आणि वर गरम मसाला. मिरचीचे देठ आणि उरलेली ओल यांत शंभरेक ग्रॅम जातात, अर्धा किलो कांदा तळून शंभराच्या आसपास उरतो. कांडप करून हातात येते दोन-सव्वादोन किलो. मिरची सरासरी 300 रुपये धरली आणि कांडपाचे 50, तर सगळं मिळून आठशेच्या घरात जातं, म्हणजे किलोला 360 ते 400. तयार चटणीचा भाव यासमोर ठेवा, पण सारख्या मालाशी तुलना करा. स्वस्त पाकिटात खोबरं, खसखस कमी आणि मीठ, धणे जास्त असतात. भाव कमी दिसतो, आमटीत मात्र एकाऐवजी दीड चमचा जातो.

पैसे जातात ते मिरचीच्या निवडीत. नवी ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि हाताला किंचित मऊ असते. शीतगृहातली मागच्या सालची फिकट आणि ठिसूळ. गडहिंग्लजच्या बाजारात येणारी जवारी संकेश्वरी महाग असते, तिच्या नावावर दुसरीच मिरची सहज खपवली जाते. दोन दाणे चघळून बघितल्याशिवाय पिशवी पुढं करू नका.

आणि चटणी बिघडते ती कांद्यामुळे. चिरलेला कांदा दोन दिवस उन्हात वाळवून मग तांबूस, कुरकुरीत होईपर्यंत तळायचा. मऊ राहिला तर ऑगस्टमध्ये बरणीत पांढरी जाळी दिसते. खोबरं खवट असेल तर अख्खी चटणी खवट होते. वाटीचा तुकडा आधी खाऊन बघा. कांडपाहून आलेली चटणी गरम असते. ती गार झाल्यावरच बरणीत दाबून भरायची, तळाशी मीठ आणि वर मीठ-हिंगाचा खडा. ओला चमचा घालणाऱ्यासाठी छोटी बरणी वेगळी.

“तेलाचे डबे भरा.” इथं सरळ नाही म्हणायचं. तेल उघडलं की हवेनं उतरू लागतं. शिवाय भाव ठरतो बाहेरच्या बाजारावर आणि आयात शुल्कावर, सुगीवर नव्हे. आजचा डबा चार महिन्यांनी स्वस्तही होऊ शकतो. चार माणसांना महिन्याला दोन लिटर पुरतं. डबा घ्यायचाच तर लिटर आणि किलो यांतला फरक बघा: एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलोच तेल असतं. शेजारच्या 15 किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. भाव नेहमी किलोवर काढा. आणि डबा भरलेला असला की फोडणीला हात सैल सुटतो, हा खर्च कुणीच मांडत नाही.

साबण आधीच घेतलेला चांगला, वाळून जास्त दिवस जातो. धुण्याची पावडर पावसाळ्यात गोळे धरते. गुळाचा 30 किलोचा रवा, म्हणजे ढेप, पाच-सहा घरांत वाटून घेतला तरच परवडतो, कारण पावसाळ्यात गूळ पाझरतो.

“हप्त्यावर घ्या, तरीही फायदाच.” 24,000 रुपये महिना शेकडा दोननं उचलले आणि बारा महिन्यांत दोन-दोन हजार मुद्दल फेडली, तर घटत्या शिलकीवर व्याज होतं 3,120, म्हणजे तेरा टक्के. व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावलं तर 5,760. वर ज्वारीवर वाचले होते नऊ टक्के, तेही किडा लागला नाही तर.

एकदम रक्कम लागतेच असंही नाही. जानेवारीत तूरडाळ, फेब्रुवारीअखेर शाळू, मार्चमध्ये मिरची-लसूण, एप्रिलमध्ये गहू, असं घेतलं की खर्च चार महिन्यांत विभागला जातो. भिशी असेल तर सोडतीची, म्हणजे चिठ्ठी काढून नंबर लावणारी बघा, लिलावाच्या भिशीत लवकर उचलणाऱ्याला कसर सोसावी लागते. आणि पहिल्या वर्षी चारच महिन्यांचं भरा. सप्टेंबरमध्ये कोठीचा तळ उघडून हात घाला. दाणा कोरडा लागला आणि पीठ सांडलेलं नसलं, तर पुढच्या मार्चमध्ये माप वाढवायला हरकत नाही.